वीस किलोचं पार्सल

शास्त्राला माझी गरज आयुष्यात एकदाच पडली, आणि तीही मी काही करू नये म्हणून. बारा आठवडे मी रोज पहाटे उठून, मैदानावर जाऊन, हजेरीवर सही करून काहीही केलं नाही. आमच्या कॉलेजातले शारीरिक शिक्षणाचे खडतकर सर मुलींच्या कबड्डीवर प्रबंध लिहीत होते. वजनं उचलून मुलींची ताकद वाढते का, आणि वाढलीच तर खेळ सुधारतो का, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. सोळा जणींच्या नावांच्या चिठ्ठ्या त्यांनी आपल्या पांढऱ्या टोपीत टाकल्या, टोपी हलवली आणि डोळे मिटून आठ चिठ्ठ्या काढल्या. त्या आठ जणी प्रायोगिक गट. टोपीत उरलेल्या आठ जणी नियंत्रित गट. प्रायोगिक गटानं वजनं उचलायची. नियंत्रित गटानं उचलायची नाहीत, पळायचं नाही, दोरीवरच्या उड्याही मारायच्या नाहीत, म्हणजे शेवटी दोन्ही गटांची तुलना करता येते. माझी चिठ्ठी टोपीतच राहिली. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मग त्यासाठी पहाटे उठून मैदानावर कशाला जायला हवं? तेवढं तर तू इथेही करतेस."

आमचं भाड्याचं घर मैदानाला लागूनच होतं. मधल्या भिंतीला बकऱ्यांनी एक खिंडार पाडलं होतं, आणि संशोधनाची सगळी ये-जा त्यातूनच झाली. दसरा उलटला की रस्त्यापलीकडच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगची घरघर सुरू व्हायची ती होळीपर्यंत. तिची आम्हाला इतकी सवय होती की वीज जाऊन ती थांबली तर बाबा दचकून वर्तमानपत्र खाली ठेवायचे. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि जो होता तो मिळायला नंबर लागत नव्हता. खरेदी केंद्रापुढची बैलगाड्यांची रांग आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली होती. लोक चार-चार दिवस गाडीखाली चूल मांडून राहायचे, आमच्या नळावर पाणी भरायचे, आणि केंद्र, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर, सरकार यांच्याविषयी जे बोलायचे त्यानं माझ्या शब्दसंग्रहात जी भर पडली ती बी.ए.च्या तीन वर्षांत पडली नाही. कापसाचा भुरा विजेच्या तारांवर, बाभळीवर, दोरीवरच्या साड्यांवर असायचा. एकदा तो वरणात सापडला. आईनं चमच्यानं काढून टाकला आणि म्हणाली, "पिकवणाऱ्याला मोल नाही आणि आपल्याला फुकट."

बाबा मोठ्या पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसायचे. त्यांच्या जगात एक रेघ होती आणि ती वीस किलोवर होती. वीस किलोपर्यंतचं पार्सल घेता येतं, त्यावरचं नाही. रोज दहाच्या आधी ते सरकारी वजनं टाकून काटा तपासायचे, मगच खिडकी उघडायचे. घरच्या कागदावर ऑफिसच्या शाईची सही त्यांनी कधी केली नाही. त्यासाठी खिशात दुसरा पेन असायचा. आईनं बाजारातून वांगी आणली की पिशवी हातात धरून ते म्हणायचे, "पन्नास ग्रॅम खाल्ले." आई म्हणायची, "मग जा, मागून आणा." ते जात नसत. चूक दाखवणं हे त्यांचं काम होतं. ती निस्तरण्याचं खातं वेगळं होतं.

खडतकर सरांचा स्वभाव याच्या उलट. पांढरे कॅनव्हासचे बूट, पांढरी टोपी, गळ्यात शिटी. स्टाफरूममध्येही शिटी गळ्यातच असायची, आणि त्यांचा असा विश्वास होता की उद्घाटनाशिवाय कुठलीच गोष्ट सुरू होत नाही. साहित्यासाठी ते जिनिंगवाल्या शेठजींकडे गेले. शेठजींनी गोदामातली वीस-वीस किलोची सहा जुनी मापं दिली. लोखंडी, वर उचलायला कडी असलेली, एका बाजूला ठसठशीत '२०'. सरांनी ती लाल रंगवून घेतली आणि प्रत्येकावर पांढऱ्या अक्षरांत 'सप्रेम भेट' लिहून घेतलं. ताकद मोजायला शेठजींनी आपला एक घड्याळी काटा उसना दिला. गावोगाव झाडाला टांगून कापूस तोलतात तोच. खालची आकडी मैदानावरच्या सिमेंटच्या ओट्यात पुरलेल्या कडीला अडकवायची, वर एक दांडा लावायचा, आणि मुलीनं गुडघे वाकवून तो दांडा वर ओढायचा. तबकडीवर काटा फिरून जिथं थांबेल तितके किलो तिची ताकद. हंगामात शेठजींना काटा परत लागणार होता, पण शेवटच्या चाचणीला तोच पुन्हा द्यायचं त्यांनी कबूल केलं. "दोन्ही वेळा उपकरण तेच पाहिजे, हा शास्त्राचा पहिला नियम," असं म्हणून सरांनी तबकडीच्या कडेला सौभाग्यवतींच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. काटा बदलला जाऊ नये एवढी काळजी त्यांनी घेतली. काट्याच्या पोटात काय चालतं याची काळजी घ्यायचं त्यांना सुचलं नाही. ते कापूस विकणाऱ्या घरातले नव्हते. आम्हीही नव्हतो.

पहिली चाचणी दसऱ्यानंतर लगेच झाली. नारळ फुटला. नाहीतरी मी रिकामीच, आणि अक्षर बरं, म्हणून आकडे लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझा स्वतःचा आकडा चौतीस; टोपीत उरलेल्या आम्हा आठांपैकी एकीनंही चाळिशी गाठली नाही. सगळ्यांत मोठा आकडा यमुनाचा, अठ्ठावन्न. सरांनी माइकवरून जाहीर केलं, "बारा आठवड्यांनी जी मुलगी साठ किलो ओढेल, तिचंच नाव विद्यापीठाच्या संघनिवडीच्या शिबिराला जाईल." साठच का, हे विचारायची पद्धत नव्हती.

यमुना हॉस्टेलची. झरीच्या पलीकडे, जंगलाला लागून तिचं गाव. घरी ती कोलामी बोलायची, आमच्याशी वऱ्हाडी, आणि सरांशी अजिबात बोलायची नाही. अंगानं बुटकी, चढाईला गेली की चार जणींना ओढत मधल्या रेषेपर्यंत यायची. तिच्या बापानं तिला सरळ सांगितलं होतं, विद्यापीठाच्या संघात नाव लागलं तर पुढे मास्तरणीच्या कोर्सला जा, नाही तर होळीनंतर लग्न. नाव लागलं की शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला जागा आणि हॉस्टेल मिळायचं. मुलगा ठरलेलाच होता, शेजारच्या गावचा. यमुनाची त्याच्याविषयी काही तक्रार नव्हती.

"पोरगा बरा हाये," ती म्हणायची, "पन मले त्याची घाई नाई ना वं."

मधे दोन किलोंचं अंतर होतं. दोन किलो म्हणजे आमच्याकडे दोन शेर तांदूळ; तिच्याकडे ते सगळं पुढचं आयुष्य होतं. सुदैवानं तिची चिठ्ठी टोपीतून निघाली होती. वजनं उचलायला ती पात्र ठरली.

प्रायोगिक गटाला खुराक द्यायचा होता. भिजवलेले चणे, गूळ, एक केळं, शनिवारी शेंगदाण्याचा लाडू. खिंडारापलीकडे घर आमचंच, म्हणून ते काम आईकडे आलं. पहिल्या दिवशी आठ जणी आमच्या घराच्या ओट्यावर पाटावर बसल्या आणि नियंत्रित गटातल्या आम्ही आठ जणी बाजूला उभ्या राहिलो. आईनं पातेलं खाली ठेवलं.

"सर, या आठ जणी खातील आणि या आठ त्यांच्या तोंडाकडे बघतील?"

"वहिनी, दोन्ही गटांना दिलं तर तुलनाच राहत नाही. शास्त्र आहे ते."

"तुमचं शास्त्र भिंतीच्या त्या बाजूला. हा माझा ओटा आहे. इथे पंक्तिप्रपंच होणार नाही." आणि माझ्याकडे वळून, "शालू, पाट आण."

सरांनी शिटी चाचपली, पण वाजवली नाही. त्या दिवसापासून सोळा जणी जेवल्या. पुढे सरांचा प्रबंध बांधून आला तेव्हा त्यात वाक्य होतं: 'दोन्ही गटांचा आहार हेतुपुरस्सर समान ठेवण्यात आला.' आता या विषयाचं थोडंफार वाचल्यावर मला कळतं की त्या सगळ्या खटाटोपात शास्त्राला धरून झालेली गोष्ट तेवढी एकच होती. संशोधनपद्धतीला आपण हातभार लावला हे न कळताच आई गेली. माझा नातू आता जिमला जातो आणि मोठ्या काळ्या डब्यातली पावडर दुधात ढवळून पितो. तिच्यात काय असतं म्हणून मी डबा वाचून पाहिला. मला चणे आठवले. त्याच्या चाचणीत मी नियंत्रित गटातच बरी.

ते बारा आठवडे मी भिंतीवर बसून लायब्ररीतल्या कादंबऱ्या वाचत काढले. एका कानाला जिनिंगची घरघर, दुसऱ्या कानाला मापं जमिनीवर टेकण्याचा धप्प असा आवाज. सुरुवातीला गल्लीतल्या बायका खिंडारातून बघायला यायच्या. "लोखंड उचलून पोरींचे हात पुरुषासारखे होतील," अशी चिंता एकीनं व्यक्त केली. ती स्वतः त्याच वेळी दोन घागरी कमरेवर आणि एक डोक्यावर घेऊन उभी होती. यमुना पहिल्या महिन्यात एका हातात एक, दुसऱ्या हातात एक माप घेऊन मैदानाचा फेरा मारायची. दुसऱ्या महिन्यात दोन फेरे. खाली ठेवताना ती माप टाकायची नाही, टेकवायची. तिला आवाज आवडत नसे.

दिवाळीत हॉस्टेलच्या सगळ्या मुली वेचणीला घरी गेल्या. यमुना गेली नाही. बारा आठवड्यांत खंड पडला तर सर नाव काढतील ही तिला धास्ती. पाचव्या दिवशी तिचा बाप आमच्या ओट्यावर येऊन बसला. उंच, काटक माणूस. आईनं चहा दिला. केंद्रापुढच्या रांगेत थांबायला त्याच्याकडे ना गाडी ना दिवस, म्हणून त्यानं कापूस गावातच शेठजींच्या माणसाला देऊन टाकला होता.

"वेचाले मानसं नाई," तो पोरीला म्हणाला, "अन् तू इथं लोखंड उचलून राह्यली?"

"आठच हप्ते राह्यले बा."

"अन् मंग?"

"मंग साठ."

त्यानं उठून खिंडारातून मैदानावर नजर टाकली, पलीकडे गेला आणि एक माप एका हातानं उचललं. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. फिरवून आकडा पाहिला.

"हे कोनाचं व्हय?"

"शेठजीचं. भेट देल्लं."

तो एकटाच हसला. "उचल मंग पोरी," तो म्हणाला, "बरंच भारी हाये." आणि चहाची कपबशी धुऊन ठेवून निघून गेला. आम्ही समजलो, लेकीच्या ताकदीचं कौतुक केलं. सुशिक्षित माणसाला अडाणी माणसाचं बोलणं नेहमी कौतुकच वाटतं.

शेवटची चाचणी संक्रांतीच्या आठवड्यात एका रविवारी झाली. मांडव घातला होता. प्रमुख पाहुणे म्हणून शेठजी, त्यांच्या मागे दिवाणजी काटा घेऊन. सरांनी नेलपॉलिशचा ठिपका सगळ्यांना दाखवला. "काटा तोच!" टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत बाबा हातातला तिळगूळ न खाता बसले होते.

आधी नियंत्रित गट. मी दांडा ओढला. चौतीस. दसऱ्याला चौतीस, संक्रांतीला चौतीस. बारा आठवड्यांच्या निष्क्रियतेचं मी निष्कलंक उदाहरण होते. सरांनी माझ्याकडे समाधानानं पाहिलं. मग प्रायोगिक गट आला. पहिली मुलगी दसऱ्याला बावन्न होती, आता एकोणपन्नास. दुसरी पन्नास होती, सत्तेचाळीस. तिसरी पंचावन्न होती, बावन्न. मी आकडे लिहीत होते आणि सरांचा चेहरा टोपीच्या रंगाला येत होता. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांची ताकद शाबूत होती. ज्या तीन महिने राबल्या त्यांची आटली होती. मांडवात कुणीतरी म्हणालं, "म्हंजे बसून राहनंच बरं." शेठजी हसले.

यमुना शेवटची. तिनं दांडा धरला, गुडघे वाकवले, ओढला. काटा सरसर फिरला, चाळीसच्या पुढे गेला, अडखळला. सत्तावन्न.

"सत्तावन्न," मी वाचलं. माझा आवाज मलाच नकोसा झाला.

सरांनी माइक हातात घेतला. यमुनानं दांडा सोडला नव्हता. तिनं पुन्हा ओढलं, या वेळी हळू, तबकडीकडे बघत. आणि सरांशी पहिल्यांदा बोलली.

"सर, हा काटा मारून राह्यला."

"काय?"

"चाळीसवरी बराबर चालते. चाळीसच्या पुढं दम खाते. पाहा ना." तिनं परत ओढून दाखवलं. "शालूचं चौतीस, तिचं चौतीसच भरलं. आमीच कमी कशा झालो?"

शेठजी जागचे हलले नाहीत. ते मायाळू आवाजात म्हणाले, "पोरगी हुशार आहे, सर. पण वजन कमी भरलं की जो तो काट्यालाच नाव ठेवतो."

"हाव शेठजी," यमुना म्हणाली. "माहा बापही नाव ठेवते. अन् त्याले तुमचा मानूस हेच सांगते."

मांडवाच्या मागच्या बाजूला, जिथं रांगेतले गाडीवाले उगाच बघायला उभे होते, तिथं हशा पिकला. सरांनी शिटी वाजवली. यमुनानं तेवढ्यात तीन लाल मापं ओढत आणली. दोन मुलींनी काटा वर झाडाच्या फांदीला टांगला आणि तिन्ही मापं खाली अडकवली. तीन वीस साठ. काटा फिरला, चाळीसपाशी अडखळला आणि साठाच्या आधीच थांबला. गाडीवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. पण दिवाणजी कच्चा माणूस नव्हता.

"सर, मापं जुनी हायेत," तो शांतपणे म्हणाला. "लोखंड झिजते. म्हनूनच त भेट देल्ली."

"झीज!" सर बुडत्यासारखे त्या शब्दाला लटकले. "बरोबर! झीज!" आणि मला म्हणाले, "लिहून घे."

म्हणजे आता यमुना खरंच सत्तावन्नची होती, आणि तीन महिने झिजलेलं लोखंड उचलत होती. काटा खरा मानला तर माप खोटं. माप खरं मानलं तर काटा खोटा. आणि दोन्ही एकाच गोदामातून आलेली. त्या मांडवात वजनाला खरी म्हणावी अशी एकही वस्तू नव्हती, प्रमुख पाहुणे धरून. विद्यापीठाला नावं मंगळवारच्या आत जायची होती. यमुना काट्याखाली उभी होती, आणि मला पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर होळी दिसली.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "पोस्टाचा काटा आहे."

सगळे वळले. बाबा उभे राहिले होते. सार्वजनिक ठिकाणी ते उभे राहिल्याचं मी त्याआधी फक्त राष्ट्रगीताला पाहिलं होतं.

"आणता येईल का?" सरांनी विचारलं.

"सरकारी काटा मैदानावर?" बाबांना धक्काच बसला. "छे! माप पार्सल म्हणून घेऊन या. उद्या दहा वाजता. कापडात शिवून, पत्ता घालून." आणि खाली बसून त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला.

आईनं जुन्या चादरीचा तुकडा काढला आणि एका मापाला सुती अंगरखा शिवला, दुहेरी टाक्यांचा. पत्ता कुणाचा घालायचा यावर थोडी चर्चा झाली. "ज्याचं त्याला," आई म्हणाली, म्हणून मी शेठजींचा घातला. सोमवारी दहाला आम्ही दोघी पोस्टात. पार्सल यमुनाच्या कमरेवर, लेकरू घ्यावं तसं. पुढे चार माणसं होती. आमचा नंबर आला.

"पाठवणाराचं नाव?" बाबांनी वर न बघता विचारलं.

"बाबा, मी—"

"खिडकीवर बाबा नाहीत. नाव सांगा."

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. त्यात त्यांचं नावही येत होतं. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. यमुनानं पार्सल काट्यावर टेकवलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, वाकून पाहिलं. मग पार्सल हलवून पुन्हा पाहिलं.

"वीस किलोच्या वर आहे. घेता येणार नाही."

यमुनानं माझा हात इतक्या जोरात धरला की तिची ताकद मोजायला मला काट्याची गरज उरली नाही.

"किती वर आहे?" मी विचारलं.

"घेतलं असतं तर पावतीवर लिहिलं असतं. घेतलेलं नाही."

आमच्या मागे एक म्हातारी लोणच्याची बरणी घेऊन उभी होती. "काय हाये वं त्यात?" तिनं यमुनाला विचारलं.

"वीस किलोचं माप."

"मंग वीस किलो घेत नाई का हे?"

"घेतात ना आजी. हे वीस किलो वीस किलोच्या वर हाये."

म्हातारीला यात काहीच नवल वाटलं नाही. "कापसाचं असंन," ती म्हणाली.

बाबांनी ऑफिसचा पेन उचलला, चादरीच्या कापडावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'वजन मर्यादेपेक्षा अधिक. परत', आणि वर तारखेचा शिक्का मारला. लोखंड झिजलं असतं तर वीसच्या आत भरलं असतं. ते झिजलं नव्हतं; ते मुळातच जास्तीचं ओतलं होतं. विकत घेताना असं माप पारड्यात टाकायचं, म्हणजे वीसच्या नावाखाली जास्त कापूस येतो. आणि जिथं माप नसेल तिथं चाळीसच्या पुढे दम खाणारा काटा. दसऱ्याला तो काटा सरळ होता, कारण हंगाम सुरू व्हायचा होता. हे सगळं यमुनाच्या बापाला एका हातात कळलं होतं. आम्हाला त्यासाठी पोस्टखातं लागलं.

सर आपल्या खोलीत एकटेच होते. समोर मंगळवारचा कागद, नावाची जागा कोरी. यमुनानं पार्सल टेबलावर टेकवलं. सरांनी शिक्का वाचला. पुन्हा वाचला. भिंतीवर त्यांचा आणि शेठजींचा उद्घाटनाचा फोटो होता. शेठजींनी व्यायामशाळेला पत्र्याचं छत घालून द्यायचं कबूल केलं होतं, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. मी सरांकडून कसलीही अपेक्षा ठेवली नव्हती, म्हणून पुढचा प्रसंग माझ्या त्यांच्याविषयीच्या मतात अजून नीट बसत नाही.

"म्हणजे तू तीन महिने..." ते यमुनाला म्हणाले.

"वीस म्हनून जास्तच उचललं, सर."

ते उठले. आणखी दोन मापं त्यांनी स्वतः मैदानातून आणली. पांढरे बूट लाल मातीनं भरले. तिन्ही कड्यांतून दोर ओवला, दोराला दांडा बांधला. त्यातलं एक माप अजून अंगरख्यात, शेठजींच्या पत्त्यासकट. "काटा नको," ते म्हणाले. "जमिनीवरून सुटलं की झालं."

यमुनानं गुडघे वाकवले. सर गुडघ्यांवर बसले आणि मापांच्या कडेला जमिनीलगत एक कागद धरला. आवाज झाला नाही. तिनं दात खाल्ले, मानेची शीर तटतटली, आणि सरांच्या हातातला कागद एका बाजूनं आत गेला, तो दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. तिन्ही मापांखालून. त्याच्यावर लाल मातीचा एक पट्टा उमटला होता. मग मी पाहिलं, तो मंगळवारचा कागद होता. सरांनी माती झटकली नाही. नावाच्या जागी तिचं नाव लिहिलं, ताकदीच्या रकान्यात 'साठ किलोपेक्षा अधिक', आणि खाली सही केली.

रात्रीच्या जेवणाला बाबा भात कालवता कालवता म्हणाले, "एकवीस सहाशे." एवढंच. ऑफिसची वेळ संपली होती.

प्रबंध मी परवा कॉलेजच्या लायब्ररीत काढून पाहिला. कसर लागली आहे, पण वाचता येतो. सरांना डॉक्टरेट मिळाली. पहिल्या पानावर शेठजींचे ठळक अक्षरांत आभार आहेत. पत्र्याचं छतही झालं. अंतिम चाचणीचे आकडे मी लिहिले तसेच छापलेत, आणि निष्कर्ष असा की बारा आठवडे अपुरे असून अधिक संशोधनाची गरज आहे. तळटीप आहे: 'उपकरणास काही मर्यादा होत्या.' इतक्या सभ्य शब्दांत काटामारीचं वर्णन मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. नियंत्रित गटाच्या तक्त्यात माझं नाव आहे. छापील स्वरूपात माझी ताकद तेवढीच नोंदवली गेली, चौतीस, बदल शून्य.

पार्सल नियमाप्रमाणे पाठवणाराकडे परत आलं, म्हणजे आमच्याकडे. शेठजींनी ते कधी मागितलं नाही. मागायचं तर त्याचं वजन सांगावं लागलं असतं. कितीतरी वर्षं ते आमच्या पुढच्या दाराला टेकू म्हणून राहिलं, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. अंगरखा विरून गेला, 'परत' हा शब्द शेवटपर्यंत वाचता येत होता. यमुनाचं नाव संघात लागलं, ती कोर्सला गेली आणि झरीच्या पलीकडच्या एका आश्रमशाळेत खेळाची मास्तरीण झाली. लग्न तिनं नंतर केलं, दुसऱ्याच मुलाशी. आई-बाबांच्या मागे घर सोडताना मी ते माप तिला नेऊन दिलं.

ती निवृत्त झाली त्याच्या आदल्या वर्षी मी तिच्या शाळेत गेले होते. जून महिना, नव्या मुली संघात घ्यायचे दिवस. मैदानाच्या मधोमध ते माप, पुन्हा लाल रंगवलेलं, '२०' पांढऱ्यात. एकेक मुलगी येई, उचले, आणि यमुना विचारी, "किती हाये?"

"वीस, बाई."

"ठेव. उद्या ये."

दुसरी आली. "वीस."

"उद्या ये."

मी न राहवून मधे जाऊन दोन्ही हातांनी ते उचलून पाहिलं. जेमतेम वीतभर उचललं गेलं. "मला तर हे चाळीस वाटतंय," मी म्हटलं.

"तू ठेव माय खाली," यमुना म्हणाली. "तू नियंत्रित गटातली."

मग एक बारकी मुलगी आली, शाळेचा फ्रॉक तिला दोन वर्षं पुरेल इतका मोठा. तिनं माप उचललं. ठेवलं नाही. आकड्याकडे पाहिलं, मापाकडे पाहिलं, पुन्हा थोडं वर घेऊन हलवून पाहिलं.

"किती हाये?"

मुलगी घाबरत म्हणाली, "बाई, याच्यावर चुकीचं लिहेल हाये."

यमुनानं वही उघडली आणि तिचं नाव विचारलं.